कोबॉलची आजी : ग्रेस हॉपर

मुलांनो, तुमच्या घरी आजोबांची जुनी लोखंडी पेटी आहे का? असेल तर वडीलधाऱ्यांना विचारून ती एकदा उघडून पाहा. तिच्यात शेताचा किंवा घराचा एखादा पिवळा पडलेला कागद सापडेल. आपला जालना १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथला सरकारी कारभार उर्दूतून चालत असे. म्हणून त्या काळच्या कितीतरी नोंदी उर्दूत आहेत, तर काही मोडी लिपीत आहेत. आज आपला कारभार मराठीत चालतो. तरीही जुन्या जमिनीचा प्रश्न निघाला, की तोच जुना कागद बाहेर काढावा लागतो आणि तो वाचणारा माणूस शोधावा लागतो.

संगणकाच्या जगातही असेच घडते. संगणकाला काम सांगण्यासाठी खास भाषा असतात. त्यांना संगणक भाषा म्हणतात. दर काही वर्षांनी नवी भाषा येते आणि तरुण मंडळी तिच्याकडे धाव घेतात. पण साठ वर्षांहून अधिक वय झालेली एक भाषा आजही जगातील अनेक मोठ्या बँकांचे आणि विमा कंपन्यांचे हिशेब मुकाट्याने सांभाळत आहे. तिचे नाव कोबॉल. या भाषेचा पाया ज्यांच्या कामावर घातला गेला आणि जिला म्हातारपणातही उपयोगी ठेवण्यासाठी ज्यांनी आपले म्हातारपण वेचले, त्या ग्रेस हॉपर यांची ही गोष्ट आहे. त्यांना लोक प्रेमाने कोबॉलची आजी म्हणत.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात झाला. वडील विमा व्यवसायात होते. तीन भावंडांत ग्रेस सर्वांत मोठी. तिला लहानपणापासून एकच नाद होता. एखादी वस्तू चालते कशी, हे तिला पाहायचे असे. सात वर्षांची असताना तिने घरातील गजराचे घड्याळ खोलले. ते पुन्हा जोडता येईना, म्हणून तिने दुसरे खोलले. असे करता करता घरातील सातही घड्याळे तिने सुटी करून ठेवली! आईच्या हे लक्षात आले. आईने तिला मारले नाही. फक्त यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे, असे बजावले. विचार करा, त्या दिवशी आईने तिचा नादच बंद केला असता तर?

त्या काळी मुलींनी फार शिकावे असे समाजाला वाटत नसे. ग्रेसच्या वडिलांचे मत निराळे होते. आजारामुळे त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले होते. आपल्या मुलींना स्वतःच्या पायावर उभे राहता आले पाहिजे, असे त्यांना मनापासून वाटे. ग्रेसने सोळाव्या वर्षी व्हॅसर या महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज केला. पण लॅटिन भाषेत तिला गुण कमी पडले आणि प्रवेश नाकारला गेला. पुढे ज्यांनी संगणकाला भाषा शिकवली, त्या भाषेच्याच परीक्षेत अडखळल्या होत्या! ग्रेस निराश झाली नाही. तिने वर्षभर अभ्यास केला आणि पुढच्या वर्षी प्रवेश मिळवला. १९२८ मध्ये ती गणित आणि भौतिकशास्त्र हे विषय घेऊन पदवीधर झाली. १९३० मध्ये तिचा विवाह झाला आणि ग्रेस मरी ही ग्रेस हॉपर झाली. १९३४ मध्ये येल विद्यापीठाने त्यांना गणितातील डॉक्टरेट दिली. त्यापूर्वीच, १९३१ पासून, त्या व्हॅसरमध्ये गणित शिकवू लागल्या होत्या.

शिक्षिकेची चांगली नोकरी होती. आयुष्य सरळ चालले होते. इतक्यात दुसरे महायुद्ध आले आणि अमेरिका त्यात ओढली गेली. हॉपर यांचे पणजोबा नौदलात मोठे अधिकारी होते. आपणही नौदलात जावे, असे त्यांना वाटू लागले. पण वय सदतीसच्या घरात पोहोचले होते आणि वजन नियमापेक्षा कमी भरत होते. त्यांनी खास परवानगी मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलात प्रवेश केला. प्रशिक्षणात त्या पहिल्या आल्या. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली. तिथे त्यांची गाठ एका अजब यंत्राशी पडली.

त्या यंत्राचे नाव मार्क वन. त्याची लांबी ५१ फूट होती. आपल्या शाळेचे दोन वर्ग एकापुढे एक ठेवले, तर जेमतेम तेवढी लांबी होईल. एवढे मोठे यंत्र सेकंदाला फक्त तीन बेरजा करी. आज तुमच्या घरातील साधा मोबाइल त्याच्या कितीतरी पट वेगवान आहे. पण त्या काळी तो चमत्कारच होता. नौदलाची अवघड गणिते त्याच्यावर सोडवली जात. त्याला काम सांगायचे, तर कागदाच्या पट्टीवर ठरावीक जागी भोके पाडावी लागत. एक भोक चुकले, की उत्तर चुकलेच! हॉपर यांनी हे काम आत्मसात केले आणि त्या यंत्राची ५०० हून अधिक पानांची माहितीपुस्तिका लिहून काढली.

पुढे मार्क टू हे यंत्र आले. १९४७ मध्ये ते एक दिवस नीट चालेना. शोध घेतला, तेव्हा आत एक पतंग अडकलेला सापडला. कामगारांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. संगणकातील चुकीला इंग्रजीत बग, म्हणजे किडा, असे म्हणतात. पतंग हॉपर यांनीच पकडला, असे पुष्कळ जण सांगतात, पण ते बरोबर नाही. तो त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला होता आणि बग हा शब्दही त्याआधीपासून वापरात होता. हॉपर ही गोष्ट रंगवून सांगत, म्हणून ती त्यांच्या नावावर जमा झाली.

युद्ध संपले. हॉपर यांचा संसारही १९४५ मध्ये संपुष्टात आला होता. नौदलाच्या कायम सेवेत घ्यावे, अशी विनंती त्यांनी केली, पण वयाचे कारण देऊन ती नाकारण्यात आली. त्या राखीव दलात मात्र राहिल्या. १९४९ मध्ये त्यांनी फिलाडेल्फिया शहरातील एका नव्या कंपनीत नोकरी धरली. ही कंपनी युनिव्हॅक नावाचा संगणक तयार करत होती.

इथे त्यांना एक गोष्ट खटकू लागली. संगणकाला फक्त आकडे कळतात. त्यामुळे त्याला काम सांगणारा माणूस गणिती असावा लागे आणि तोही तासन् तास आकड्यांशी झुंजत बसे. एकच काम दहा वेळा नव्याने लिहावे लागे. नक्कल करताना चुका होत. हॉपर यांच्या मनात आले, की हे कंटाळवाणे काम संगणकालाच का सांगू नये? १९५२ मध्ये त्यांनी एक आज्ञावली तयार केली. आज्ञावली म्हणजे संगणकाला क्रमाने दिलेल्या सूचना. माणसाने थोडक्यात खूण लिहायची आणि या आज्ञावलीने तिचा विस्तार करून यंत्राचे आकडे तयार करायचे. अशा आज्ञावलीला कंपायलर म्हणतात. आपण त्याला दुभाषी म्हणू या. एकीकडे माणूस, दुसरीकडे यंत्र आणि मध्ये हा दुभाषी.

सुरुवातीला कोणाचा विश्वास बसला नाही. संगणकाला फक्त बेरीज-वजाबाकी येते, तो स्वतःची आज्ञावली कशी लिहील, असे लोक विचारत. हॉपर मात्र एक पाऊल पुढे गेल्या. दुकानदार, बँकेचे कारकून, कारखान्याचे हिशेबनीस हे काही गणिती नसतात. त्यांना समजेल अशा साध्या इंग्रजी शब्दांत सूचना का लिहू नयेत? १९५०च्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या गटाने फ्लो-मॅटिक नावाची अशी भाषा घडवली.

याच काळातील एक गंमत ऐका. कंपनीच्या वरिष्ठांना दाखवण्यासाठी हॉपर यांच्या गटाने एक छोटी आज्ञावली इंग्रजीत लिहिली. मग तिच्यातील शब्द बदलून तीच फ्रेंचमध्ये आणि जर्मनमध्येही चालवून दाखवली. त्यांना वाटले होते, की साहेब खूश होतील. झाले उलटेच! अमेरिकेत बनलेल्या संगणकाला फ्रेंच आणि जर्मन कशी कळेल, म्हणून वरिष्ठ गडबडून गेले. खरे पाहता संगणकाला इंग्रजीही कळत नव्हती. त्याच्यासाठी सर्व शब्द म्हणजे नुसत्या खुणा होत्या. भाषा कोणतीही असो, दुभाषी चांगला असला म्हणजे झाले, हे हॉपर यांना दाखवायचे होते.

आता मुख्य अडचण सांगतो. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या संगणकाची भाषा वेगळी होती. एखाद्या संस्थेने संगणक बदलला, की जुन्या सर्व आज्ञावल्या टाकून द्याव्या लागत आणि नव्या भाषेत पुन्हा लिहाव्या लागत. वेळ जाई आणि पैसाही जाई. सर्वांनी मिळून एक सामाईक भाषा ठरवावी, असा विचार पुढे आला. २८ आणि २९ मे १९५९ रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने पेंटागॉन या आपल्या मुख्यालयात बैठक बोलावली. सरकारी अधिकारी, संगणक बनवणारे आणि संगणक वापरणारे असे सुमारे ४० प्रतिनिधी जमले. त्यातून एक समिती स्थापन झाली आणि नव्या भाषेचे नाव ठरले कोबॉल. कॉमन बिझनेस-ओरिएंटेड लँग्वेज या इंग्रजी नावाचे ते लहान रूप आहे. व्यापारी कामासाठीची सामाईक भाषा, असा त्याचा अर्थ.

कोबॉल एकट्या हॉपर यांनी बनवली नाही, हेही लक्षात ठेवा. जीन सॅमेट, हॉवर्ड ब्रॉमबर्ग आणि इतर अनेकांनी रात्रंदिवस बसून तिचे नियम लिहिले. हॉपर सल्लागार होत्या. पण नव्या भाषेवर सर्वांत मोठी छाप त्यांच्या फ्लो-मॅटिकची होती. म्हणूनच त्यांना कोबॉलची आजी म्हणतात.

कोबॉलमधील आज्ञावली वाचायला निबंधासारखी वाटते. तिचे चार विभाग असतात. पहिल्यात आज्ञावलीचे नाव, दुसऱ्यात यंत्राची माहिती, तिसऱ्यात कोणकोणती माहिती कोणत्या आकारात येणार ते आणि चौथ्यात प्रत्यक्ष काम. बेरजेसाठी ॲड, वजाबाकीसाठी सबट्रॅक्ट, एका जागेवरून दुसरीकडे नेण्यासाठी मूव्ह अशी साधी इंग्रजी क्रियापदे तिच्यात वापरतात. वाक्याच्या शेवटी तुमच्या निबंधात देता तसा पूर्णविरामही असतो!

भाषा जन्माला आली, पण ती जगेल असे सर्वांना वाटत नव्हते. समितीचे काम इतके रेंगाळले, की वैतागलेल्या ब्रॉमबर्ग यांनी एक दगडी थडगे विकत घेतले. त्यावर कोबॉल हे नाव कोरले आणि ते संरक्षण खात्यातील चार्ल्स फिलिप्स या अधिकाऱ्यांकडे पाठवून दिले. म्हणजे बारशाआधीच कबरीची तयारी! पण डिसेंबर १९६० मध्ये एक मोठी परीक्षा झाली. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन वेगवेगळ्या संगणकांवर कोबॉलची तीच आज्ञावली जवळजवळ जशीच्या तशी चालली. सामाईक भाषेचे स्वप्न खरे होऊ शकते, हे सर्वांना पटले. ते थडगे आता अमेरिकेतील संगणकांच्या संग्रहालयात ठेवले आहे. कोबॉल मात्र अजून जिवंत आहे.

लवकरच कोबॉल सगळीकडे पसरली. पण पसरली तसा तिच्यात घोळही सुरू झाला. प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने शब्द घालू लागली. जालन्याची मराठी, कोकणातली मराठी आणि नागपूरची मराठी ऐकायला वेगवेगळी वाटते ना? तसेच काहीसे झाले. माणसे एकमेकांना समजून घेतात, पण यंत्र समजून घेत नाही. एका कंपनीची कोबॉल दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर अडू लागली. मग सामाईक भाषेचा उपयोग काय?

१९६६च्या अखेरीस, साठाव्या वर्षी, हॉपर यांना नौदलाच्या राखीव दलातून निवृत्त करण्यात आले. हा त्यांना मोठा धक्का होता. पण नौदलालाच त्यांची गरज भासली. नौदलाच्या संगणकांवरील कोबॉल एकसारखी करायची होती. १९६७च्या ऑगस्टमध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावले गेले. ते सहा महिने जवळजवळ १९ वर्षे चालले!

या वर्षांत त्यांनी जे केले, ते फार महत्त्वाचे आहे. कोबॉलचे प्रमाण नियम १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. पण नियम छापले म्हणजे सगळे ते पाळतातच असे नाही. म्हणून हॉपर यांच्या गटाने परीक्षेच्या आज्ञावल्या तयार केल्या. एखाद्या कंपनीचा कंपायलर नियमाप्रमाणे वागतो की नाही, हे या आज्ञावल्या तपासत. शाळेत तुमची उत्तरपत्रिका तपासतात, तशी ही कंपायलरची उत्तरपत्रिका. जुनी भाषा टिकायची असेल, तर तिला ठरलेले नियम हवेत आणि ते पाळले जातात का, हे पाहणारे कोणीतरी हवे, हे त्यांनी ओळखले होते.

याचा अर्थ असा नाही, की त्यांना बदल नको होता. पूर्वीपासून असेच चालत आले आहे, असे कोणी म्हटले, की त्यांना राग येई. त्यांच्या कार्यालयात एक घड्याळ होते. त्याचे काटे उलटे फिरत. पाहणारा आधी चक्रावून जाई, पण थोड्याच वेळात त्यालाही वेळ सांगता येई. सवयीचे ते सर्व बरोबरच असते असे नाही, हा धडा ते घड्याळ न बोलता शिकवत असे. व्याख्यानाला जाताना त्या तारेचे तुकडे बरोबर नेत आणि श्रोत्यांना वाटत. प्रत्येक तुकडा सुमारे ३० सेंटीमीटरचा, म्हणजे तुमच्या दप्तरातील मोठ्या पट्टीएवढा. एका सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातील एका भागात विजेला जास्तीत जास्त इतकेच अंतर जाता येते. संगणकाचा वेळ वाया घालवू नका, हे समजावण्याची ही त्यांची रीत होती. त्या जन्मभर शिक्षिकाच राहिल्या.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी हॉपर रिअर ॲडमिरल या पदावरून निवृत्त झाल्या. तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या. नौदलात त्या वेळी सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांत त्याच वयाने सर्वांत मोठ्या होत्या. निरोपाचा समारंभ बॉस्टनच्या बंदरात, १७९७ मध्ये पाण्यात उतरलेल्या एका जुन्या लढाऊ जहाजावर झाला. त्यानंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. एका संगणक कंपनीच्या सल्लागार म्हणून त्या अखेरपर्यंत काम करत राहिल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे अमेरिकेच्या नौदलाने एका युद्धनौकेला त्यांचे नाव दिले आणि २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्य पदक देण्यात आले.

मुलांनो, आजी गेल्या, पण नातवंड मागे राहिले. त्याचे पुढे काय झाले? या कथेचा धागा आपल्या महाराष्ट्रापर्यंत येतो. मुंबईत १९६८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही कंपनी सुरू झाली. फकीरचंद कोहली यांनी ती वाढवली. १९७४ च्या सुमारास या कंपनीला परदेशाचे एक काम मिळाले. रुग्णालयाच्या हिशेबाची कोबॉलमधील एक आज्ञावली होती. ती एका प्रकारच्या संगणकाच्या कोबॉलमधून दुसऱ्या प्रकारच्या कोबॉलमध्ये न्यायची होती. ते काम मुंबईत बसून करण्यात आले. आज भारतातून जगभर संगणकाची कामे जातात, त्या लांब रस्त्यावरचे हे एक आरंभीचे पाऊल कोबॉलचे होते.

कोबॉलच्या आज्ञावल्यांत एक दोषही होता. पूर्वी माहिती ८० रकान्यांच्या कार्डावर भोके पाडून भरत. जागा वाचावी म्हणून वर्ष दोनच अंकांत लिहीत. १९६५ ऐवजी नुसते ६५. मग २००० साल आले, की संगणक ०० पाहून १९०० समजणार! व्याज, निवृत्तिवेतन, विम्याची मुदत या सर्वांचा गोंधळ उडाला असता. १९९० नंतरच्या दशकात जगभर या जुन्या आज्ञावल्या ओळीओळीने तपासाव्या लागल्या. त्या कामात भारतातील हजारो तरुण गुंतले होते. नवी भाषा शिकलेल्यांनाही तेव्हा जुनी कोबॉल शिकावी लागली. आधीच्या पिढीने वाचवलेले दोन अंक पुढच्या पिढीला असे महाग पडले.

आता तुम्ही विचाराल, की सी, जावा, पायथन अशा नव्या भाषा असताना जुनी कोबॉल कशाला? सगळे नव्याने लिहून टाकावे! प्रश्न रास्त आहे. पण जुन्या आज्ञावल्यांत लाखो ओळी असतात. तीस-चाळीस वर्षांत बदललेले व्याजाचे आणि कराचे कितीतरी नियम त्यांत भरलेले असतात. लिहिणारी माणसे निवृत्त झालेली असतात. नव्याने लिहिताना एखादा नियम सुटला, तर लोकांच्या पैशांचा घोळ होतो. शिवाय कोबॉल पैशांचा हिशेब दशांशात, आपण वहीत करतो तसाच करते. अनेक नव्या भाषांची अपूर्णांकांची नेहमीची रीत शून्य आणि एक या दोनच अंकांवर चालते. त्या रीतीत एक दशांश तंतोतंत लिहिता येत नाही. जसे आपल्याला एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, तीनावर तीन येतच राहतात. नव्या भाषांतही यावर उपाय आहेत, पण कोबॉलला तो स्वभावतःच येतो.

दुसरी गोष्ट अशी, की कोबॉल जागच्या जागी थांबली नाही. १९७४, १९८५, २००२, २०१४ आणि २०२३ मध्ये तिचे सुधारित नियम आले. १९८५चे नियम ठरताना मोठा वाद झाला. नवे शब्द आले, तर आपल्या जुन्या आज्ञावल्या बिघडतील, अशी अनेकांना भीती वाटत होती. तरी वाट काढली गेली. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोबॉलने नव्या भाषांशी भांडण मांडले नाही. ज्या बँकांत कोबॉल आहे, तिथे खातेदाराच्या मोबाइलवरचा देखणा पडदा नव्या भाषेत लिहिलेला असतो. खातेदार शिल्लक विचारतो, तेव्हा नवी भाषा तो प्रश्न आत नेते. आत बसलेली कोबॉल खाते पाहून उत्तर देते आणि नवी भाषा ते पडद्यावर मांडते. दारात नातू आणि तिजोरीपाशी आजी, असे हे घर चालते.

पण आजीची भाषा कोणी शिकलेच नाही, तर काय होते? २०२० मध्ये करोनाच्या साथीत अमेरिकेत असंख्य लोकांचा रोजगार गेला. सरकारी मदतीसाठी अर्जांचा पूर आला. न्यू जर्सी राज्यातील हे काम जुन्या संगणकांवर चाले. तेव्हा तिथल्या राज्यपालांना कोबॉल जाणणाऱ्या लोकांनी मदतीला यावे, असे जाहीर आवाहन करावे लागले. ज्या भाषेला लोक विसरत चालले होते, तिचे जाणकार अडचणीच्या वेळी शोधावे लागले.

आणि आता आपण पुन्हा आजोबांच्या पेटीकडे येऊ. २०२३ मध्ये आपल्या मराठवाड्यात निजामकाळातील जुन्या नोंदी तपासण्याचे मोठे काम सरकारने हाती घेतले. तेव्हा तहसील कार्यालयांतील कपाटे उघडली गेली, बासने सोडली गेली आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्या जाणकारांची गरज पडली. हे ऐकून तुम्हांला काय वाटते? तुम्ही घरी आणि वर्गात जी उर्दू वाचता, ती या जिल्ह्याच्या जुन्या कागदांची किल्ली आहे. आणि जी मराठी तुम्ही या पुस्तकातून शिकत आहात, तिच्याशिवाय त्या कागदातील मजकूर आजच्या कचेरीत कोणाला समजावून सांगता येणार नाही. एक भाषा येणारा माणूस दाराच्या एकाच बाजूला उभा राहतो. दोन्ही भाषा येणारा दार उघडतो. हॉपर यांचा दुभाषी हेच काम करत होता.

ग्रेस हॉपर यांच्या चरित्रातून आपण काय घ्यावे? जुने आहे म्हणून त्याला कवटाळून बसू नये आणि जुने आहे म्हणून ते फेकूनही देऊ नये. ते आज कोणाच्या उपयोगी पडते, हे तपासावे. पडत असेल, तर त्याचे नियम नीट ठेवावेत, त्यातील चुका दुरुस्त कराव्यात, नव्याशी त्याची ओळख करून द्यावी आणि ते जाणणारी चार माणसे तरी तयार करावीत. घड्याळ खोलणाऱ्या त्या लहान मुलीने आयुष्यभर हेच केले. तिने खोलले, समजून घेतले आणि पुन्हा जोडले.

तुम्हीही आज घरी गेल्यावर एखाद्या वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा. त्यांच्याकडून जुन्या कागदाच्या चार ओळी वाचून घ्या आणि त्या आपल्या वहीत मराठीत लिहून आणा. उद्या वर्गात आपण त्या सर्वांना वाचून दाखवू.

स्वाध्याय

१. ग्रेस यांच्या आईने घड्याळांच्या बाबतीत काय केले? ते तुम्हांला योग्य वाटते का?
२. कंपायलरला लेखकाने दुभाषी का म्हटले आहे?
३. नौदलाने हॉपर यांना निवृत्तीनंतर परत का बोलावले?
४. २००० साल जवळ आल्यावर जुन्या आज्ञावल्यांत कोणती अडचण निर्माण झाली?
५. कोबॉल नव्या भाषांबरोबर कशी नांदते, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.